रात्री अडीचची चिठ्ठी

न्यू जर्सीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी रात्रपाळीची नर्स आहे. इथे नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडचं छोटं हॉस्पिटल नव्हे. वयस्क माणसं इथे वर्षानुवर्षं राहतात. कुणाला हॉस्पिटलात हलवलं, की केंद्रीय नियमाप्रमाणे डॉक्टरांचा आणि घरच्यांचा संपर्क, उपचारांबद्दल आधी लिहून ठेवलेली इच्छा, विशेष काळजीच्या सूचना, हे सगळं सोबत द्यावंच लागतं.

फॉर्ममध्ये न मावणारं मी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिते. मागच्या हिवाळ्यात एका आजींना ताप आणि गुंगी आली. मी लिहिलं, 'एरवी स्वतःच्या हाताने जेवतात, मुलीला नावाने हाक मारतात.' तेवढ्यावरून तिकडच्या डॉक्टरांना कळलं, की ही गुंगी नवी आहे, जुना स्मृतिभ्रंश नव्हे. लघवीचा संसर्ग निघाला.

त्याआधी एकदा रक्त पातळ करणाऱ्या गोळीची शेवटची वेळ लिहायची माझ्याकडून राहिली होती. अँब्युलन्स गेल्यावर आठवलं, हात थरथरतच फोन लावला. तेव्हापासून गोळ्यांचा तक्ता सर्वांत आधी. शिवाय चष्मा, कानातलं यंत्र, कवळी यांतलं काय सोबत गेलं तेही लिहिते. एका आजोबांची कवळी इथेच राहिली होती आणि ते तिकडे दोन दिवस नुसत्या सुपावर होते.