तुम्ही विचारलंत म्हणून: मंदीवाला म्हणजे अस्वलच का?

मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, कुणी ना कुणी विचारतंच, शेअर बाजारात मंदीवाल्याला, म्हणजे भाव पडेल या हिशोबाने आधीच विकून ठेवणाऱ्याला, अस्वल का म्हणतात? आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतो: अस्वल पंजा वरून खाली मारतं, बैल, म्हणजे तेजीवाला, शिंग खालून वर. लक्षात ठेवायला सोपं आहे, पण ही जुळवाजुळव मागाहूनची.

अस्वल मारण्याआधी त्याचं कातडं विकू नये, अशी युरोपात जुनी म्हण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हातात नसलेले शेअर विकणाऱ्यांना त्यावरून अस्वलकातड्यांचे दलाल म्हणू लागले. १७२० साली साउथ सी कंपनीचा फुगा फुटला, तेव्हा हा शब्द रुळलेला होता. बैल जोडीला नंतर आला. आपण 'बाजारात तुरी' म्हणतो, आणि तेही तुरीच्या मुलखात!

हिशोब असा. मंदीवाला १०० क्विंटल सोयाबीन पुढच्या महिन्याच्या वायद्याने, म्हणजे भाव आज ठरवून आणि माल पुढे द्यायच्या बोलीवर, क्विंटलला ६००० ने विकतो. जवळ सोयाबीनचं एक पोतं नसतं. माल नंतर विकत घेऊन द्यायचा; भाव ५४०० वर आला की ६०,००० सुटले, ६८०० वर गेला की ८०,००० बुडाले. म्हणून 'मंदी आली' असं पावसासारखं बोललेलं मला खटकतं. आधी कुणीतरी विकलेलं असतं.

तरी सगळं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. २०२१ आठवा. ऑगस्टच्या सुरुवातीला लातुरात सोयाबीन १०,००० च्या आसपास होतं, पण तेव्हा शेतकऱ्याच्या घरी माल उरला होता कुठं? त्याच महिन्यात केंद्राने १२ लाख टन सोयापेंड आयातीला वाट करून दिली. सप्टेंबरअखेर मराठवाड्यावर पाऊस कोसळला, गंजीच्या गंजी भिजल्या. नवा माल मोंढ्यावर आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर. दाताखाली दाणा कडकन फुटायला हवा, तो नुसता दबत होता. १८ टक्के ओलाव्याचं एक क्विंटल १० टक्क्यांपर्यंत वाळवलं की ९१ किलो उरतं. नऊ किलो पाणीच. शिवाय ओला माल थप्पीत तापतो, बुरशी धरते, त्या धोक्याचेही पैसे घेणारा कापतो. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात पडली की आपण या सगळ्याला एकच शब्द वापरतो, मंदी. पाणी किती, आयात किती, अस्वल किती, हे वेगळं करतच नाही.

मी पूर्वी ठासून सांगायचो, वायदा बंद करा, मंदीवाला आपोआप जाईल. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सोयाबीनचे वायदे थांबवले. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२, आणि मोंढ्यावर सौदे त्याच्या खालीच निघत होते. तेव्हा माझं चुकलंच. पण म्हणून वायदा असता तर बरं झालं असतं, असंही तोंडातून निघत नाही. काढणीलाच जानेवारीचा भाव दिसला असता, हे खरं. पण ज्याला रब्बीच्या बियाण्या-खताला आठ दिवसांत पैसे लागतात, त्याने तो भाव बघून काय करायचं?