ढिगाच्या पोटात

२४ ऑगस्ट, रविवार

आज पुन्हा कॉलेजच्या मुलांना घेऊन निफाडकडच्या, कांदा साठवायच्या चाळीवर गेले. फायनल इयरचे चौघं. त्यांच्या प्रोजेक्टचा विषय: चाळीतला कांदा सडू लागलाय, हे वेळीच कसं कळेल?

जुलैत सिनॉप्सिस आणला तेव्हा त्यात ॲप होतं, क्लाउड होतं, स्क्रीनचे रंगसुद्धा ठरले होते. कांद्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. मी एवढंच म्हटलं, आधी एक दिवस चाळीवर कांदा निवडणाऱ्या मावशींबरोबर बसा. बसले. काजळी, म्हणजे कांद्यावरची काळी बुरशी, कशी ओळखायची, जोड कांदा आधी का जातो, हे त्यांना तिथेच कळलं.

मग त्यांनी आर्द्रतेचा सेन्सर लावला तो चाळीच्या कुडाला, म्हणजे बाहेरच्या भिंतीला. आकडे बाहेरच्या हवेचे येणार, हे मला दिसत होतं. तरी बोलले नाही. पंधरा दिवस गेले, ७४-७५ टक्के आर्द्रता, आलेख सपाट, आणि तिकडे मावशी रोज घमेलंभर सडका कांदा बाहेर काढतायत. त्या पंधरा दिवसांत दोनदा मला रात्री झोप लागली नाही. सांगून टाकायला हवं होतं का?

आज गटातल्या सगळ्यात अबोल मुलाने ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच थांबला. "मॅडम, आत कोंदट लागतंय. गरमसुद्धा."

कांदा जिवंत असतो, श्वास घेतो, त्यातून उष्णता आणि ओल सुटते. चाळीच्या तळाशी दीड-दोन फूट मोकळं ठेवतात आणि थर चार-पाच फुटांपेक्षा उंच नेत नाहीत, ते या उष्णतेला आणि ओलीला बाहेर पडायला वाट मिळावी म्हणून. हे मी वर्गात दोनदा सांगितलं होतं. आज ते त्याच्या हाताला कळलं.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला भोकं पाडली, सेन्सर आत बसवून पाइप ढिगाच्या मधोमध खुपसला. आकडा स्थिरावायला पंधरा-वीस मिनिटं लागली: ८६ टक्के. कुडावर तेव्हा ७५. चौघंही गप्प झाले. मग एकदम भांडायलाच लागले. चाळ चाळीस फूट लांब, सेन्सर परवडणार सहा. लावायचे कुठे? शेवटी गटातली मुलगी उठली आणि मावशींना विचारून आली. "पाणी गळतं तिथं, आन् मधल्या कप्प्यात, वारं पोचत न्हाई तिथं." वहीत चाळीचा नकाशा काढून तिने त्यावर सहा फुल्या मारल्या.

आमच्या घरी एका वर्षी दादांनी दिवाळीच्या आधी माल काढायला चाळ फोडली तेव्हा निम्मा माल पाण्यासारखा झाला होता. दादा कितीतरी वेळ नुसते उभे होते. मुलांना हे अजून सांगितलेलं नाही.

निघताना मावशींनी पाइप हलवून पाहिला. म्हणाल्या, भोकं मोठी झाली, टरफलं आत जाऊन बसतील. बुधवारी बारीक जाळी लावून आणायची आहे.