मुंबई–लंडन: कागदावरचं अंतर आणि खरे तास

घरच्या कुणाला लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पाठवायचं असलं की मी तिकिटावरच्या वेळांवर विसंबत नाही, हिशेब स्वतः मांडतो. पहिल्यांदा मांडला तेव्हा साफ चुकला होता. मुंबई ते हीथ्रो सरळ अंतर सुमारे ७,२१० किमी. त्याला विमानाच्या ताशी ९०० ने भागलं, आठ तास आले. इतक्यात मुंबईहून कुणी पोहोचत नाही.

हे ७,२१० म्हणजे पृथ्वीच्या गोलाईवरची सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ती सापडत नाही. गोलावर दोरा ताणून बघा. दोरा कराचीजवळून, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिण टोकावरून थेट युक्रेनच्या क्रिमियावर जातो. गोची तिथेच आहे. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. परदेशी कंपन्यांना ती बंदी नव्हती, त्यामुळे त्याच दोन विमानतळांमध्ये कंपनीगणिक वेळ वेगळी दिसू लागली. अंतराचा आकडा घेताना एकक नक्की बघा: ३,८९० दिसलं तर ते सागरी मैल आहेत, १.८५२ ने गुणा.

वळशासाठी मी सहा टक्के वाढवतो, म्हणजे साधारण ७,६४० किमी. जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, म्हणून जमिनीच्या हिशेबाने वेग ८२० धरतो: ९ तास १९ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी, वेग ९३०: ८ तास १३ मिनिटं. दोन्हींत धावपट्टीपर्यंत जाणं, रांग आणि उतरल्यावर गेटला लागणं यांची ४० मिनिटं मिळवायची. जाताना दहा तास, येताना नऊला थोडे कमी. हिवाळ्यात वारा जोरात असतो, तेव्हा दोन्हींतला फरक आणखी वाढतो. हीथ्रोवर सकाळी गर्दी असली तर बिगिन किंवा लॅम्बोर्न या लंडनजवळच्या आकाशातल्या थांब्यांवर विमान घिरट्या घालत बसतं, ती दहा-पंधरा मिनिटं वेगळी.

खरा घोळ घड्याळाचा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. समजा, मुंबईहून पहाटे २:३० ला सुटून सकाळी ७:३० ला लंडन. वजाबाकी केली तर पाच तास! जानेवारीत लंडन आपल्यामागे साडेपाच तास, म्हणजे प्रवास साडेदहा तासांचा. जूनमध्ये फरक साडेचारचा, म्हणून याच वेळा साडेनऊ तास सांगतात. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. तिकीट त्या आठवड्यातलं असेल तर न्यायला येणाऱ्याला तारखेसकट लंडनची वेळ लिहून पाठवा, ‘आपले किती वाजता’ असं नको. आणि शेवटी त्याच विमानाची गेल्या आठवड्यातली प्रत्यक्ष उतरण्याची वेळ ट्रॅकिंगच्या ॲपवर बघून घ्या. माझा हिशेब वीस मिनिटांपेक्षा जास्त चुकला की मार्ग बदललाय असं समजतो आणि सहा टक्के पुन्हा तपासतो.