दुसऱ्या खंडाची खबरबात: सिंहासन विकलं गेलं, नवस मात्र बाकी

मंडळी, लिलावाचं प्रकरण अखेर हातावेगळं झालं. रोमवर बेतलेल्या माझ्या फँटसी कादंबरी-मालिकेचा हा सगळ्यात अवघड सांधा होता. पहिल्या खंडातला म्हातारा सम्राट इथे मरतो आणि पुढच्या तिन्ही खंडांचं भांडण इथूनच पेटतं.

मूळ घटना इ.स. १९३ची. २८ मार्चला प्रिटोरियन गार्डच्या, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षक दलाच्या, शिपायांनी सम्राट पर्टिनॅक्सला मारलं आणि राज्य चक्क बोलीवर काढलं. छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा सल्पिसियानस, तटाबाहेर दिडियस जुलियानस, आणि मध्ये 'तो इतके देतोय, तुम्ही किती चढवता?' असं विचारत फिरणारे शिपाई. सासरेबुवा माणशी २०,००० सेस्टर्सपर्यंत (रोमन नाणी) आले होते. जुलियानसने एकदम ५,००० वाढवले, तेही ओरडून आणि वर बोटांनी आकडा दाखवून. ती बोटं मी जशीच्या तशी उचलली आहेत. एवढ्या प्रचंड राज्याचा होऊ घातलेला धनी भिंतीखाली उभा राहून बोटं नाचवतोय, हे मला स्वतःला कधी सुचलं नसतं.

निवेदक सिनेटर ठेवला आहे. त्याचं श्रेय इतिहासकार कॅसियस डिओला. तो स्वतः सिनेटर होता आणि तेव्हा रोममध्येच होता. घरी बसलो तर संशय येईल म्हणून ही मंडळी आंघोळ-जेवण उरकून, शिपायांच्या गर्दीतून वाट काढत सभागृहात गेली, असं तो सांगतो. भीतीचं वर्णन करायला मला पानभर लागलं असतं. तेवढं काम त्या आंघोळीने केलं.

आता मॅजिक सिस्टिम, म्हणजे माझ्या जगातल्या जादूचे नियम. इथे बराच वेळ गेला, पण मजाही इथेच आली. रोमवर बेतलेल्या बऱ्याच फँटसीत लाल झगे आणि चौकोनी ढाली येतात, जादू मात्र भलतीकडूनच आणलेली असते. खरं तर रोमन धर्मातच तयार यंत्रणा पडून आहे, आणि ती वकिली थाटाची आहे. शब्द चुकला की विधी पहिल्यापासून.

माझा पाया आहे 'डिव्होशिओ', म्हणजे शत्रूसकट स्वतःला देवतांना वाहण्याचा नवस. इ.स.पू. ३४०, व्हेसुव्हियसजवळची लढाई, समोर लॅटिन सैन्य. डावी फळी मागे हटू लागली तसं कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) डेसियस मूसने पुरोहिताला मंत्र सांगायला लावला. अंगावर काठाचा टोगा, डोकं झाकलेलं, टोग्याखालून काढलेला हात हनुवटीला, पायाखाली आडवा भाला. शत्रूच्या सैन्यासकट त्याने स्वतःला पाताळातल्या देवतांना आणि धरणीला वाहिलं आणि घोड्यावरून थेट शत्रूत घुसला.

नाट्य भरपूर आहे, पण माझं घबाड रोमन इतिहासकार लिव्हीने पुढे दिलेल्या पोटनियमांत होतं. सेनापती स्वतःऐवजी एखाद्या शिपायालाही वाहू शकतो. तो शिपाई मेला तर ठीक. जगला तर सात फूट किंवा त्याहून उंच पुतळा जमिनीत पुरायचा, प्रायश्चित्ताचा बळी द्यायचा, आणि त्या जागेवर रोमन अधिकाऱ्याने कधीच पाय ठेवायचा नाही.

ही शेवटची अट वाचली आणि लिलाव आणि जादू एकमेकांत अडकले. माझ्या जगात असा एक पुतळा गार्डच्या छावणीखालीच पुरलेला आहे. पद नसलेल्या माणसाला तिथे फिरायला हरकत नाही, म्हणून बोली लावणाऱ्याला काहीच जाणवत नाही. इतिहासकार हेरोडियन म्हणतो, जुलियानसला तटावरून शिडी सोडून वर घेतलं. माझ्याकडेही शिडी सुटते, तो आत उतरतो, शिपाई त्याला सम्राट म्हणून पुकारतात, आणि नेमक्या त्या क्षणी तो उभा असतो निषिद्ध जमिनीवर. शिपायांना हे ठाऊक असतं. खरा जुलियानस ६६ दिवस टिकला. माझ्यालाही तेवढेच दिले आहेत.

नकाशाचं काम किरकोळच झालं. जुलियानसनंतर सम्राट झालेल्या सेव्हेरसच्या धर्तीवरचा माझा सेनापती डॅन्यूबकडून निघतो, त्याची चाल रोमन युद्धशास्त्रावर लिहिणाऱ्या व्हेजिशियसच्या हिशोबाने बसवली: उन्हाळ्यातल्या पाच तासांत २० रोमन मैल, म्हणजे साधारण ३० किलोमीटर. डोंगर मी दोन ठिकाणी सरकवले, नद्या तशाच ठेवल्या.

पुढचं प्रकरण गार्डच्या हिशोबाचं. सेव्हेरसने त्यांना बिनहत्यारी, समारंभाच्या पोशाखात बोलावलं, चहूकडून घेरलं, नोकरीवरून काढलं आणि रोमपासून शंभर मैलांच्या आत फिरकायची बंदी घातली. पर्टिनॅक्सचे मारेकरी वगळता एकही मुडदा न पाडता एवढी फौज संपवणं खऱ्या इतिहासात शोभतं, कादंबरीत वाचक फसल्यासारखा वाटून घेईल अशी धास्ती आहे. म्हणून एक दुवा जोडायचा विचार आहे: ज्याच्या नावाने तो पुतळा पुरला, तो जगलेला शिपाई या घेरणाऱ्या सैन्यात उभा असेल. त्याचं वय वाढत असेल की नाही, यावर अजून माझं माझ्याशीच जमत नाहीये. वाढू नये असं वाटतं, पण मग पहिल्या खंडातल्या त्याच्या बायकोचं काय करायचं? सुचलं तर सांगा.