पाठीमागचा सूर्यास्त

मालवणजवळच्या देवबागला डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर काही मिनिटांतच मावळतो, म्हणून आम्ही साडेचारलाच कर्लीच्या खाडीत कयाक लोटली. ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या काकांनी घड्याळ न पाहता तिथी विचारली. मार्गशीर्ष शुद्ध दशमी म्हटल्यावर दहाची पाऊणपट करून ते म्हणाले, "साडेसाताक भरती. जाताना जरा जोर लावूचो लागतलो, येताना पाणीच तुमका घराक हाडून सोडतला." हा जुना हिशेब माझ्या फोनमधल्या तक्त्याशी थोड्याच मिनिटांच्या फरकाने जुळला आणि मी फोन मुकाट्याने पिशवीत टाकला.

कयाकमधली बैठक पाण्यापासून जेमतेम वीतभर उंच असते, त्यामुळे पावसाळ्यात जिकडे फिरकण्याची सोय नसते त्या खाडी-समुद्राच्या संगमाच्या मुखावर हिवाळ्यात येणारी गुडघाभर लाटही तिथून चांगली भिंतीसारखी दिसते. आम्ही त्या लाटांच्या अलीकडेच थांबलो. वाळूच्या पट्ट्यावर कुरव एकाच दिशेला चोची करून बसले होते. दक्षिणायनातला सूर्य नैऋत्येकडे कललेला होता आणि एकदा क्षितिजाला टेकल्यावर संपूर्ण बुडायला त्याला अडीच मिनिटेसुद्धा लागणार नव्हती. नेमके तेव्हाच भरतीच्या ओढीने कयाकचे तोंड खाडीकडे फिरवले. कयाकमध्ये कमरेतून मागे वळून पाहणे म्हणजे पाण्यात पडण्याची तयारी करणे होय. एकदा तो प्रयोग करून कोपरापर्यंत भिजल्यावर मी सूर्याचा नाद सोडला.

आणि मग सूर्य ज्याकडे पाहत होता, ते मला दिसू लागले. खाडीपलीकडच्या भोगवे गावाच्या बाजूच्या डोंगरातला जांभा, जो दुपारी नुसता मातकट वाटला होता, तो आतून विस्तव घातल्यासारखा लाल झाला होता, आणि त्याखालच्या माडांच्या झावळ्यांची एकच कड तांब्याच्या तारेसारखी चमकत होती. वल्ह्याचे एक पाते पाण्यातून वर आले की त्याच्या टोकावरून चार-पाच थेंब सोनेरी होऊन गळत. पुढच्या काही फटक्यांत त्यांचा रंग केशरी, मग जांभळट झाला आणि शेवटी ते साधे पाण्याचे थेंब उरले. मागे बिंब बुडाले, ते मला या थेंबांवरून कळले. किनाऱ्यावर उभे राहून इतके सूर्यास्त पाहिले, पण बिंबाकडे टक लावण्याच्या नादात आपल्या पाठीशी काय चालले आहे, हे कधी पाहिलेच नव्हते.

अंधार पडता पडता हवा गार झाली, पण पाण्यात हात घातला तर ते चक्क कोमट लागत होते. दशमीचा चंद्र आधीच बराच वर आला होता. आम्ही वल्ही मांडीवर आडवी ठेवली, तरी काठावरचे दिवे आपोआप जवळ येत राहिले.

काका धक्क्यावर उभे होते. दुसऱ्या दिवशी एकादशी असल्यामुळे सुरमई त्यांनी आजच तळायला घेतली होती.