आमची वाटचाल: पाइपच्या पावडरीपासून गोळीच्या पावडरीपर्यंत

आमचा कारखाना बोईसरजवळ तारापूर एमआयडीसीत आहे. बाबांनी तो पीव्हीसी पाइपवाल्यांसाठी सुरू केला. कॅल्शियम स्टिअरेट, झिंक स्टिअरेट, 25 किलोच्या गोण्या. ट्रक भरला की व्यवहार संपला. मी बी.फार्म. करून काही वर्षं एका औषध कंपनीच्या टॅब्लेट विभागात काढली आणि मग घरच्या धंद्यात आलो. तिथे रोज हाताळलेलं मॅग्नेशियम स्टिअरेट, म्हणजे गोळीच्या पावडरीत घालायचं वंगण, आपणही बनवू शकतो, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. रसायन तसं ओळखीचंच. स्टिअरिक ॲसिड वितळवायचं, कॉस्टिक सोड्याने त्याचा साबण करायचा, त्यात मॅग्नेशियम सल्फेटचं द्रावण सोडायचं. पांढरा साका तयार होतो. तो धुवायचा, वाळवायचा, दळायचा.

बाबांचा पहिला प्रश्न होता, "रिॲक्टर तोच चालेल ना?" मी नाही म्हटलं, आणि पुढचे कित्येक महिने घरात तोच विषय होता. वेगळी शेड, वेगळा ड्रायर, वेगळी मिल, शुद्ध पाण्याची सोय, सगळं कर्जावर. माझा हट्ट होता त्याला कारण होतं. 1986 साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यानंतर 14 रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. औद्योगिक माल औषधाच्या वाटेवर आला की काय होतं, हे आपल्याच राज्याने भोगलं आहे. "माल तोच आहे, फक्त लेबल बदला," असं सुचवणारे दलाल आमच्याकडेही आले. त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

हा माल गोळीत नेमकं काय करतो, ते धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. गोळी डायच्या, म्हणजे साच्याच्या पोकळीत, पंच नावाच्या दोन दांड्यांमध्ये दाबून बनते. मग खालचा पंच तिला वर ढकलतो आणि ती डायच्या भिंतीला घासत बाहेर येते. वंगण कमी पडलं तर गोळीच्या कडेवर उभे ओरखडे उमटतात, मशीन करकरायला लागतं, पंचावर कोरलेल्या अक्षरांत पावडर चिकटून गोळीवरचं नाव अर्धवट उठतं. जुना ऑपरेटर नुसत्या आवाजावरून ओळखतो. हे टाळायला साधारण पाव ते एक टक्का स्टिअरेट पुरतं. 500 मिलिग्रॅमच्या गोळीत अर्धा टक्का धरला तर अडीच मिलिग्रॅम, म्हणजे एका किलोत 4 लाख गोळ्या.

पण त्याच गोळीत बाकीचीही मंडळी असतात. लॅक्टोज किंवा मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज आकार देतं, पीव्हीपी बांधून ठेवतं, क्रॉसकार्मेलोज पोटात पाणी ओढून गोळी फोडतं, कोलॉइडल सिलिका पावडर वाहती ठेवते. स्टिअरेट मात्र पाण्याला दूर लोटतं. ब्लेंडरमध्ये ते जास्त वेळ फिरलं तर प्रत्येक कणावर त्याचा पातळ थर चढतो. मग कण एकमेकांना धरत नाहीत, गोळी मऊ पडते, आणि पाणी आत शिरत नाही म्हणून ती फुटायलाही उशीर लागतो. म्हणून ते सगळ्यात शेवटी, चाळून घालतात आणि तीन-पाच मिनिटांत ब्लेंडर थांबवतात.

आमच्या धंद्याला खरं वळण इथेच मिळालं. वसईकडच्या एका छोट्या कंपनीने जुना पुरवठादार सोडून आमचा माल घेतला. फॉर्म्युला तोच, मिसळायचा वेळ तोच, आणि गोळ्या फुटायला जवळजवळ दुप्पट वेळ. साध्या गोळीला फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची मर्यादा 15 मिनिटांची. त्यांच्या गोळ्या तिच्या काठावर आल्या. मी त्यांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये जाऊन बसलो. दोन्ही मालांचे सीओए, म्हणजे बॅचच्या तपासणीचे दाखले, शेजारी ठेवले. मॅग्नेशियम 4 ते 5 टक्क्यांच्या मर्यादेत, वाळवणीतली घट 6 टक्क्यांच्या आत, दोन्ही पास. फरक बारकाईत होता. आमची पावडर जास्त बारीक, तिचं दर ग्रॅमचं पृष्ठफळ जास्त, म्हणून ती तेवढ्याच वेळात जास्त पसरत होती. त्यांनी मिसळायचा वेळ कमी करून चाचण्या घेतल्या आणि गाडी रुळावर आली. आम्ही त्यानंतर कणांचा आकार आणि पृष्ठफळ दोन्ही प्रत्येक बॅचच्या सीओएवर छापायला लागलो. फार्माकोपियात पास होणं ही सुरुवात आहे. गोळीवाल्याला हवा असतो तो मागच्या वेळचाच माल, बॅचमागून बॅच. त्यासाठी साका पडतानाचं तापमान, ढवळण्याचा वेग आणि वाळवण यांत तसूभरही सैल सोडून चालत नाही.

भावावरची घासाघीस हा माझा जुना सल आहे. वर सांगितलेल्या गोळीच्या हिशेबात किलोमागे 100 रुपये वाचले तर एका गोळीमागे पैशाचा चाळिसावा भाग वाचतो. तेवढ्यासाठी खरेदी विभाग पुरवठादार बदलतो आणि पूर्ण बॅच अडकते ती प्रॉडक्शनची.

स्टिअरिक ॲसिड आम्ही फक्त पामतेलाचं वापरतो. गाईच्या चरबीपासूनच्या मालावर मॅड काऊ रोगानंतर युरोपात प्रश्न उभे राहिले, आणि आपल्याकडे तर शाकाहारी ग्राहक स्पष्ट विचारतात. पामच्या मालात पामिटिक ॲसिडचं प्रमाण वरखाली होतं. म्हणून प्रत्येक लॉटचं प्रमाण तपासूनच तो रिॲक्टरमध्ये जातो.

ॲस्पिरिन बनवणाऱ्यांना आम्ही आमचा माल देत नाही. मॅग्नेशियम स्टिअरेटच्या संगतीत ॲस्पिरिन लवकर विघटित होतं, बाटली उघडली की व्हिनेगरसारखा वास येतो. त्यांना आम्ही स्टिअरिक ॲसिड सुचवतो, ते आमच्याकडे बनत नसलं तरी.

सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषधनिर्मितीच्या दर्जाचे सरकारी नियम, आल्यापासून छोट्या कंपन्याही वेंडर ऑडिटला, म्हणजे पुरवठादाराचा कारखाना तपासायला येतात. आम्हाला ते हवंच होतं. नव्या ग्राहकाला आम्ही पहिल्या ऑर्डरआधी तीन वेगवेगळ्या बॅचचे नमुने देतो. ते तुमच्याच ब्लेंडमध्ये, तुमच्याच मशीनवर चालवून पाहा, तिन्हींच्या गोळ्यांचा कडकपणा आणि फुटण्याचा वेळ लिहून ठेवा. आकडे जुळले नाहीत तर आम्हाला बोलवा, आम्ही येऊन ब्लेंडरपाशी उभे राहू.