मूळ रूप

जुनं घर दुरुस्तीला काढलं की घरातल्या प्रत्येकाला पुरातत्त्व खात्यात नेमणूक झाल्यासारखं वाटू लागतं. ‘काय करायचं ते करा, पण मूळ रूप जाता कामा नये!’ आता आमच्या रत्नागिरीकडच्या घराचं मूळ रूप कुठलं? सारवलेली जमीन केव्हाच शहाबादी फरशीखाली गेली. ज्या मंगलोरी कौलांसाठी सगळ्यांचा जीव तुटतो, तीही मागाहून आलेली. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली. त्याआधी नळीची कौलं, नाहीतर गवत. ही चपटी लाल कौलं पहिल्यांदा चढली तेव्हाही ‘घराची कळा गेली’ म्हणून कुणीतरी हळहळलंच असेल.

मला दिसण्यापेक्षा घराचं वागणं जपावंसं वाटतं. भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून निघतो तेव्हा तासण्याइतका मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. पण छिद्रं राहतातच, आणि पावसाळाभर तो पाणी पितो. वर चुन्याचा गिलावा असेल तर ती ओल पुढे उन्हात निघून जाते. मागच्या दुरुस्तीत कुणीतरी ‘एकदाच काय ते पक्कं’ म्हणून पडवीच्या भिंतीला सिमेंट चोपडलं. ओल आत कोंडली. आता तिथे टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो, आणि खालच्या हातभर भागाला लोणा, म्हणजे खारट पांढरा भुगा, लागलाय.

चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळाला, हे नशीबच. कळीचा चुना पाण्यात टाकला की पाणी खदखदून उकळतं. तो विरवायचा, मुरवायचा, वाळूत मळायचा. पूर्वी यासाठी बैलाची घाणी असे, मिश्रणात गूळ नि हिरड्याचं पाणीही पडे. भिंतीवर गेलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो. ‘सावकाश’ म्हटलं की ठेकेदाराचं तोंड कडू होतं.

कौलांचंही तसंच. एक फुटलं तर एकच बदलायचं, मे महिन्यात शाकारून घेतलं की पावसाळ्याची निश्चिंती. माकडांपुढे मात्र हे तत्त्वज्ञान लंगडं पडतं. अर्ध्या गावाने पत्रे घातले ते काही हौसेने नव्हेत.

न्हाणीघर परसातच राहू द्यावं, असंही एक मत निघालं. आईने विचारलं, “आषाढात रात्री तिथवर छत्री धरून कोण येणार?” न्हाणी आत आली. फक्त फणसाचा खांब वाटेत येत होता, म्हणून पाइप वळसा घालून नेला. दिसायला बेंगरूळ दिसतो. दिसू दे.